अक्षय ऊर्जेचा पर्यावरणीय हिशेब

वीज तयार करण्याची कोणतीही पद्धत घेतली तरी तिची झळ निसर्गाला कुठे ना कुठे बसतेच. कोळसा जाळला की राख उरते, धरण बांधले की गाव बुडते, पवनचक्कीसाठी डोंगरमाथ्यापर्यंत रस्ता न्यावा लागतो आणि सौर पॅनेल मांडले की चराईच्या रानाला कुंपण पडते. ऊन, वारा आणि वाहते पाणी वापरून संपत नाही हे खरे. पण ते पकडायला लागणारी जमीन, धातू आणि नद्या मोजक्याच आहेत. त्यामुळे अक्षय ऊर्जेला दुष्परिणाम आहेत की नाहीत, या वादातून फारसे काही हाती लागत नाही. ते कशाच्या तुलनेत किती आहेत, किती विजेमागे आहेत, कोणत्या जागी होतात आणि कोणाच्या वाट्याला येतात, हे पाहावे लागते. तसे पाहू गेल्यास एक गोष्ट वारंवार समोर येते. कर्बाच्या हिशेबात यंत्र कोणते याला महत्त्व असते. बाकीच्या जवळजवळ सगळ्या हिशेबांत ते यंत्र कुठे उभे आहे याला.

मोजायचे काय?

विजेच्या निरनिराळ्या स्रोतांची तुलना करताना त्यांचा खाणीपासून मोडीपर्यंतचा हिशेब धरतात. धातू खणून काढणे, कारखान्यात यंत्र घडवणे, ते जागेवर नेऊन उभारणे, वीस-पंचवीस वर्षे चालवणे आणि शेवटी मोडीत काढणे, या प्रत्येक टप्प्यावर किती हरितगृह वायू बाहेर पडले ते मोजायचे आणि त्या बेरजेला यंत्राने आयुष्यभरात दिलेल्या युनिटांनी भागायचे. याला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरसरकारी संस्थेने २०१४ च्या अहवालात अशा अनेक अभ्यासांचे मध्यक आकडे दिले. कोळशाची वीज युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड (किंवा तितकाच तापवणारा दुसरा वायू) सोडते. नैसर्गिक वायूवरची वीज ४९० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पातली ४८, छपरावरची ४१, जलविद्युत २४, अणुवीज १२ आणि जमिनीवरच्या पवनचक्कीची ११ ग्रॅम. भारतातला कोळसा राखट आणि बरीच केंद्रे जुनी, त्यामुळे आपल्याकडे कोळशाचा आकडा ९०० ग्रॅमच्याही वर जातो. सौर पॅनेलचा आकडा त्यानंतरच्या वर्षांत आणखी खाली आला आहे, कारण तेवढ्याच विजेला आता कमी सिलिकॉन लागते.

इतक्या मोठ्या फरकापुढे बारीकसारीक वाद गैरलागू ठरतात. सौर पॅनेल बनवताना जितकी ऊर्जा खर्च होते तितकी ते आयुष्यभरात परत देत नाही, हा आक्षेप अजूनही ऐकू येतो. प्रत्यक्षात भारतासारख्या उन्हाच्या देशात ती ऊर्जा साधारण वर्षभरात, फार तर दीड वर्षात वसूल होते आणि पॅनेल पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालते.

मात्र हे मध्यक आकडे काही गोष्टी झाकतात. जलविद्युतचा मध्यक २४ ग्रॅम असला तरी त्याच अहवालात तिची वरची मर्यादा २,२०० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे कोळशाच्या अडीचपटीहून अधिक. कारण पुढे येईलच. दुसरे असे की हा हिशेब फक्त वायूंचा आहे. चंद्रपुरात सोडलेला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि चीनमध्ये सोडलेला एक ग्रॅम यांचा पृथ्वीवरचा परिणाम सारखाच. पक्ष्यांचे, झऱ्यांचे, गायरानांचे तसे नाही. सातारच्या पठारावर गेलेला शिकारी पक्षी नंदुरबारमध्ये झाडे लावून भरून निघत नाही. सगळे परिणाम एका आकड्यात कोंबण्याचा मोह आवरला तरच हिशेब खरा होतो.

तुलना कोळशाशी

भारतात जून २०२५ मध्ये एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म इंधनांची झाली. प्रत्यक्ष विजेतला कोळशाचा वाटा मात्र अजून सुमारे तीन-चतुर्थांश आहे, कारण सौर पॅनेल रात्री वीज देत नाही आणि पवनचक्की वाऱ्याच्या मर्जीने फिरते. म्हणून अक्षय ऊर्जेची तुलना करायची ती कोळशाशीच. एखाद्या निष्कलंक, काल्पनिक विजेशी नव्हे.

कोळशाचे परिणाम चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या आसपास उघड्या डोळ्यांनी दिसतात. खुल्या खाणींनी पोखरलेली जमीन, ट्रकांच्या वाटेवरची काळी धूळ, घराच्या पत्र्यांवर साचणारी राख. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्के असते. ती पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखबंधारा फुटला आणि राखेचे पाणी शेतांत आणि नदीत शिरले. याखेरीज रोजचा, बातमी न होणारा भाग धुराचा आहे. वायुप्रदूषण आणि अपघात मिळून १०० कोटी युनिटांमागे होणारे मृत्यू मोजणाऱ्या अभ्यासांत कोळशाचा आकडा २५ च्या आसपास येतो. सौर आणि पवन यांचा एक-दशांशाहूनही कमी. जलविद्युतचा एकाच्या थोडा वर, आणि तोही मुख्यत्वे १९७५ साली चीनच्या हेनान प्रांतात बांचियाओ धरण फुटून जी हजारो माणसे गेली त्यांच्यामुळे.

ऊन: पॅनेल, भंगार आणि जमीन

एक मेगावॅटचा सौर प्रकल्प घेऊन हिशेब करून पाहता येतो. महाराष्ट्रातल्या उन्हात तो वर्षाला सुमारे १६ लाख युनिट वीज देतो. पॅनेलची कार्यक्षमता वर्षागणिक थोडी घटते ती धरूनही २५ वर्षांत साडेतीन कोटींच्या वर युनिट होतात. तेवढीच वीज कोळशापासून काढायची तर युनिटला ७०० ग्रॅमच्या हिशेबाने सुमारे २५,००० टन कोळसा जाळावा लागेल आणि आठ ते दहा हजार टन राख उरेल. आता दुसरी बाजू. आज बाजारात मिळणारे साडेपाचशे वॅटचे पॅनेल २८-३० किलोचे असते. एक मेगावॅटला अशी सुमारे १,८०० पॅनेल लागतात; त्यांचे वजन पन्नास-पंचावन्न टन. म्हणजे पंचवीस वर्षांनंतर भंगारात निघणारा माल हा त्याने वाचवलेल्या राखेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो.

याचा अर्थ ते भंगार निरुपद्रवी आहे असा नाही. पॅनेलच्या वजनात तीन-चतुर्थांश काच असते. शिवाय ॲल्युमिनियमची चौकट, थोडे तांबे, सिलिकॉन, नाममात्र चांदी आणि डाख देण्याच्या मिश्रधातूतले शिसे. हे सगळे प्लास्टिकच्या थरांनी एकमेकांना असे घट्ट चिकटवलेले असते की वेगळे करणे जिकिरीचे होते. भंगारवाल्याला चौकट आणि तांब्याची तार परवडते. उरलेला काचेचा सांगाडा कुठेतरी टाकला जातो. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश झाला, पण उत्पादकांवर २०३४-३५ पर्यंत मुख्य जबाबदारी टाकली आहे ती हा कचरा साठवून ठेवण्याची. पुनर्वापराचा उद्योग तोवर उभा राहील, अशी यामागची अपेक्षा आहे. अपेक्षा वाजवी आहे. मात्र वादळात किंवा गारपिटीत फुटलेली पॅनेल पंचवीस वर्षे थांबत नाहीत, ती आजच भंगारात येत आहेत.

उत्पादनाच्या टप्प्यावरचे परिणाम बहुतांशी परदेशात घडतात. पॅनेल बनवण्याच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा जागतिक वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. वाळूतल्या सिलिकॉनचे शुद्धीकरण प्रचंड वीज खाते आणि तिथली ती वीज बरीचशी कोळशाची असते. धुळ्याच्या माळावर बसवलेल्या पॅनेलचा धूर शिनजियांगमध्ये निघतो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

जमिनीचा प्रश्न मात्र इथलाच आहे. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जागा लागते, मोठ्या उद्यानांत सहाच्या वरही. राजस्थानातील फलोदी जिल्ह्यातले (पूर्वी जोधपूर) भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॅटचे आहे आणि त्याने सुमारे ५,७०० हेक्टर जमीन व्यापली आहे. कर्नाटकातील पावगडा येथे २,०५० मेगावॅटसाठी सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्याने घेतली गेली. सुरुवातीचे भाडे एकरी वर्षाला २१,००० रुपये होते. दुष्काळी तालुक्यातल्या जमीनमालकांना पावसावर अवलंबून नसलेले उत्पन्न मिळाले. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्या शेतमजुरांना आणि मेंढपाळांना यातले काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शेते गेली तशी मजुरी गेली आणि चराईही.

महाराष्ट्रात हा पेच माळरानांवर उभा राहतो. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक. त्यावर झाडे नाहीत, पीक नाही, तेव्हा प्रकल्पाला देण्यास ती सर्वांत सोपी जमीन. प्रत्यक्षात सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि साताऱ्याच्या पूर्व भागातली गवताळ माळराने म्हणजे लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर आणि धाविक यांचे घर, आणि धनगरांच्या वाड्यांचा वर्षाचा चारा. जंगलतोडीवर आवाज उठवणारे लोकही माळावर कुंपण पडताना सहसा गप्प असतात. इथे गवत काही महिने पिवळे दिसते, एवढाच त्याचा गुन्हा.

पर्याय नाहीत असे नाही. घरांची, कारखान्यांची, बाजार समित्यांची छपरे आहेत. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात २०१२ साली नर्मदेच्या शाखा कालव्यावर पॅनेल टाकून वीज काढण्यात आली. जागाही वाचली आणि बाष्पीभवनही घटले. बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या जागा आहेत. महाराष्ट्रातल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्रांजवळ छोटे प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज देतात, आणि खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरवलेले आहे. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला या दिवसाच्या विजेचे मोल वेगळे सांगायला नको. पण याच ठिकाणी एक आडवळणाचा परिणाम लपलेला असतो. सौर पंपाला वीजबिल नसते. जिथे भूजल आधीच खोल गेले आहे, तिथे फुकटची दुपार विहीर आणि बोअर आणखी लवकर कोरडी करते. पॅनेलमुळे पर्यावरणाचे काय झाले, याचे उत्तर अशा वेळी पॅनेलकडे पाहून मिळत नाही, विहिरीत डोकवावे लागते.

वारा: चाळकेवाडीचे सरडे

पवनचक्क्यांचा विषय निघाला की पक्ष्यांचा विषय निघतोच, आणि त्यावर एक ठरीव उत्तरही मिळते. अमेरिकेतील २०१३ च्या अंदाजांनुसार तिथे मांजरी दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात, पवनचक्क्या दीड ते सव्वातीन लाख. आकडे खरे आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष फसवा आहे. मांजर चिमण्या मारते, सोनेरी गरुड मारत नाही. गरुड, गिधाडे, घारी हे वाऱ्याच्या झोतावर तरंगणारे पक्षी; जिथे वारा चांगला तिथेच ते आणि तिथेच पवनचक्क्या. त्यांचे आयुष्य लांब, पिले थोडी. त्यामुळे वर्षाकाठी मोजके गरुड गेले तरी त्या प्रदेशातली संख्या ढासळू शकते. कॅलिफोर्नियातील अल्टामाँट खिंडीत गरुडांच्या मृत्यूंमुळे हीच चिंता पुढे आली.

महाराष्ट्रात या विषयावर झालेला सर्वांत लक्षवेधी अभ्यास सज्जनगड-ठोसेघरच्या पुढे असलेल्या चाळकेवाडीच्या पठारावरचा आहे. जांभ्या खडकाचे हे सडे उन्हाळ्यात ओसाड वाटतात आणि पावसाळ्यात फुलांनी भरतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर यांनी अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांच्यासह पवनचक्क्या असलेला भाग आणि त्याला लागूनच असलेला, पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी होते आणि त्यांचे जमिनीवर झेप घेण्याचे प्रमाणही तसेच घटलेले होते.

पुढची गोष्ट जमिनीवर घडत होती. या पठारावर सारडा सुपर्बा नावाचा सरडा राहतो. विणीच्या हंगामात नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडून मिटून मादीला बोलावतो. शिकारी पक्षी कमी झालेल्या भागात या सरड्यांची संख्या चांगलीच वाढली होती. त्यांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक कमी होते आणि माणूस बराच जवळ आला तरी ते पळत नव्हते. वरवर पाहता सरड्यांची चंगळच. पण एवढ्या दाटीत खाणे पुरत नसल्याने ते अंगाने रोडावले होते आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले होते. पवनचक्कीचे पाते सरड्याला कधी लागत नाही. तरीही त्याची वागणूक, शरीर आणि रंग बदलले. पात्याखाली पडलेले मेलेले पक्षी मोजून परिणामांचा हिशेब पूर्ण झाला असे मानणाऱ्यांना हा अभ्यास खडसावून सांगतो की अन्नसाखळीचे वरचे टोक हलले की खालचेही हलते.

उपाय मात्र अवघड नाहीत. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर काही पवनचक्क्यांच्या तीनपैकी एका पात्याला काळा रंग दिला, तेव्हा तिथले पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७२ टक्क्यांनी घटल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. चक्क्या थोड्याच होत्या, म्हणून या आकड्यावर फार भार टाकू नये. तरी दिशा कळते. वटवाघळे मंद वाऱ्याच्या रात्रीच जास्त उडतात. त्या वेळी चक्की थांबवून ठेवली तर त्यांचे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी होतात आणि विजेचे नुकसान अगदी किरकोळ होते.

डोंगरातला मोठा घाव चक्कीपेक्षा तिच्या रस्त्याचा असतो. चाळीस-पन्नास मीटरचे पाते वळणावरून वर न्यायचे तर घाट रुंद करावा लागतो. भीमाशंकर अभयारण्याला लागून झालेल्या पवनप्रकल्पाची माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात कठोर दखल घेतली ती याच कारणाने: रस्त्यांसाठी झाडे गेली, कापलेल्या डोंगराचा राडारोडा उतारावरून खाली शेतांत आणि पाण्यात आला. तिथेच शेकरूचे जंगल आहे. हाच प्रकल्प धुळे-नंदुरबारच्या उघड्या पठारांवर असता तर हे नुकसान टळले असते.

पात्यांचा कचरा हा त्यामानाने धाकटा प्रश्न. काचतंतू आणि राळ यांची ही पाती वितळवता येत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी ती कापून पुरतात. ती विषारी नसतात, जागा अडवतात.

तारांचा सापळा

वीज जिथे तयार होते तिथून ती न्यावी लागते. राजस्थानातल्या जैसलमेरभोवती सौर आणि पवन प्रकल्पांसोबत उच्चदाबाच्या तारांचे जाळे पसरले आणि माळढोक त्यात सापडला. दहा-पंधरा किलो वजनाचा हा पक्षी चटकन वळू शकत नाही. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरची तार त्याला उशिरा दिसते. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. जगात सुमारे दीडशे माळढोक उरले असताना वर्षाला काही पक्षी तारांवर आपटून मरणे म्हणजे जात संपण्याकडची वाटचाल. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार तिथल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात तारांमुळे सर्व जातींचे मिळून वर्षाला ८४,००० पक्षी मरतात.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकांच्या प्रदेशातल्या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. हा प्रदेश सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरचा होता आणि देशातले उत्तम ऊन-वारे नेमके तिथेच. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेऊन तज्ज्ञ समितीकडे निर्णय सोपवला आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकांचा हक्क मानला. एका पारड्यात हवामान आणि दुसऱ्यात एक पक्षी, अशी या खटल्याची मांडणी झाली. ती अपुरी आहे. प्रकल्पांच्या जागा ठरवतानाच पक्ष्यांचे मुख्य अधिवास वगळले असते तर तारा भूमिगत करायच्या की नाही, हा महागडा प्रश्न बराचसा उद्भवलाच नसता. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकांसाठी १९७९ साली अभयारण्य झाले. तिथे आता हा पक्षी दिसणे हीच बातमी ठरते.

पाणी: सर्वांत जुनी, सर्वांत महाग

महाराष्ट्रात अक्षय विजेची सुरुवात सह्याद्रीतल्या पाण्यापासून झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. मुंबईच्या गिरण्यांना धूर न सोडणारी वीज मिळाली. तिची किंमत मुळशी पेट्याने मोजली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, धरण झालेच. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांचा जगातल्या पहिल्या संघटित लढ्यांपैकी हा एक होता.

कोयनेने हा हिशेब आणखी मोठा केला. १,९६० मेगावॅटचा हा प्रकल्प आजही राज्याच्या संध्याकाळच्या वाढत्या मागणीला काही मिनिटांत उत्तर देतो, आणि दिवसाची सौर वीज मावळल्यावर त्याचे मोल वाढतच जाणार आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि जलाशयातील पाण्याच्या भाराने व झिरपण्याने चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातले ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव झाले. दुसरा परिणाम रोज घडतो. पूर्वेकडे वाहणारे कृष्णा खोऱ्यातले वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीज काढून पश्चिमेला वाशिष्ठीत आणि तिथून अरबी समुद्रात जाते, तर त्याच खोऱ्यातले माण आणि खटाव टँकरची वाट पाहतात. उलट बाजूही नोंदवायला हवी: कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरचे जंगल कोयना अभयारण्याच्या रूपाने टिकले आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथली काही गावे आधी धरणासाठी हलली, मग वाघासाठी.

सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावे बाधित झाली. त्या बदल्यात महाराष्ट्राला प्रकल्पातली २७ टक्के वीज मिळते. ती राज्याच्या जाळ्यात जाते. डोंगरातल्या बुडालेल्या गावांच्या नावाने तिचा वेगळा हिशेब कोणी ठेवत नाही.

आयपीसीसीच्या अहवालातला २,२०० ग्रॅमचा आकडा कसा येतो, हे ब्राझीलच्या बालबिना धरणावरून कळते. ॲमेझॉनच्या सपाट जंगलात बांधलेल्या या धरणाने सुमारे २,३६० चौरस किलोमीटर रान बुडवले आणि वीजक्षमता दिली अवघी २५० मेगावॅट. बुडालेली झाडे उथळ, कोमट पाण्यात प्राणवायूविना कुजली की मिथेन निघतो. सह्याद्रीच्या कड्यावरून पाणी शेकडो मीटर खाली पडते, म्हणून थोड्या पाण्यात आणि लहान जलाशयात पुष्कळ वीज मिळते. बालबिनाला असा कडा नव्हता. यंत्रे एकाच जातीची, फरक भूगोलाचा.

सौर आणि पवन वीज साठवण्यासाठी आता सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांची रांग लागली आहे. दिवसा स्वस्त विजेने खालचे पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी ते सोडून वीज काढायची. अकोले तालुक्यातला २५० मेगावॅटचा घाटघर प्रकल्प हे जुने उदाहरण. शंभर युनिट घातले की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. नदी अडवावी लागत नसेल तर हा मार्ग मोठ्या धरणापेक्षा कितीतरी सौम्य असतो. मात्र वरचा तलाव माथ्यावर आणि खालचा कोकणाच्या पायथ्याशी, म्हणजे दोन्ही टोके बहुधा दाट जंगलात. बॅटऱ्यांना ही अडचण नाही. त्यांची झळ चिलीतल्या लिथियमच्या मिठागरांना आणि काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींना बसते, जरी कोबाल्ट न लागणाऱ्या बॅटऱ्या आता वीजसाठवणुकीत सर्रास वापरात आल्या आहेत.

चिपाडाची वीज कोणाच्या खात्यात?

साखर कारखान्यांच्या सहवीज प्रकल्पांत उसाची चिपाडे जाळून वीज तयार होते. ही वीज अक्षय गणली जाते, आणि चिपाड हा टाकाऊ माल धरल्यास तिचा पर्यावरणावरचा भार नगण्य येतो. उसाने प्यालेले पाणी, खत आणि खारावलेली जमीन हे सारे साखरेच्या खात्यात टाकले जाते. पण चिपाडाच्या विजेचे उत्पन्न कारखान्याच्या ताळेबंदात जमा होते, म्हणजे ऊस परवडण्यात तिचा हातभार असतोच. तेव्हा मराठवाड्यासारख्या कोरड्या भागात तिच्या वाट्याचे पाणीही तिच्या नावे लावायला हवे. निव्वळ विजेसाठी लावलेल्या पिकांचा आयपीसीसीचा मध्यक २३० ग्रॅम आहे: कोळशाहून बराच कमी, सौरहून बराच जास्त.

जागेचा निर्णय कोण करतो?

भारतात प्रकल्पांचे पर्यावरणीय मूल्यमापन २००६ च्या अधिसूचनेनुसार होते. औष्णिक केंद्रे आणि २५ मेगावॅट व त्यावरचे जलविद्युत प्रकल्प तिच्या यादीत आहेत. सौर आणि पवन प्रकल्प नाहीत, त्यांचा आकार कितीही असो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे रंगांनुसार वर्ग पाडले, तेव्हा हे दोन्ही पांढऱ्या, म्हणजे प्रदूषण न करणाऱ्या वर्गात गेले. धूर आणि सांडपाण्याच्या दृष्टीने तो वर्ग अचूक आहे. पण या प्रकल्पांचे परिणाम धुराचे नाहीतच. ते जागेचे आहेत, आणि जागा तपासणारी पायरीच वगळली गेली. जमीन वनखात्याची असली तर परवानगी लागते. गायरान किंवा माळ असला तर जनसुनावणीही होत नाही.

सवलतीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. कोळशाच्या प्रत्येक वर्षाची किंमत वर आलीच आहे आणि अक्षय विजेला उशीर करणे हा कोळसा चालू ठेवण्याचाच एक प्रकार ठरतो. म्हणून औष्णिक केंद्राइतकी लांबलचक प्रक्रिया सौर प्रकल्पाला लावणे शहाणपणाचे नाही. ठराविक आकारापुढच्या प्रकल्पांना जागा ठरण्यापूर्वी सर्व ऋतूंतील पशुपक्ष्यांची एक पाहणी, चराईच्या हक्कांची नोंद आणि गावाची सुनावणी एवढे सक्तीचे केले तरी माळढोक आणि चाळकेवाडीसारखे बहुतेक प्रश्न उभे राहण्याआधीच मिटतील. आज २५ मेगावॅटच्या जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागते आणि २,००० मेगावॅटच्या सौर उद्यानाला लागत नाही. ही तफावत कायद्यात दुरुस्त व्हायला हवी.